बाईंचा डावा खांदा

तीर्थरूप आत्यास,

कात्री बाजूला ठेवून आणि हात साबणाने धुऊन (पत्रावर खडूची बोटं उमटली की तू चिडतेस) तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की त्यांच्यासमोर ‘हो हो’ म्हणून घरी आल्यावर पुन्हा स्टुलावर चढून माळा आवरतेस? खोटं सांगू नकोस. मागच्या पत्रात तू ‘माळ्यावर सकाळचं ऊन छान येतं’ असं लिहिलं होतंस, आणि ते माळ्यावर चढल्याशिवाय कळत नाही. नवा चष्मा लागला का? इकडे आम्ही तिघंही मजेत आहोत. हे पत्र अगदी सहज लिहितोय. काम काही नाही, मागणं तर मुळीच नाही. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हटलं आत्याशी चार शब्द बोलावेत.

मजेत आहोत हे मुद्दाम पुन्हा लिहितो, कारण समोरचे चष्मेवाले तुला फोनवर भलतंच काही सांगतील. (तेच, ज्यांनी तू इथे आली होतीस तेव्हा तुझ्या गळ्यात ती सोनेरी काडीची फ्रेम मारली.) त्यांच्या मते आमच्या टाचणीच्या शाळाप्रवेशाचा निकाल लागेपर्यंत मी माणसांत नाही. पुरावा काय, तर म्हणे मी बँकेतल्या साहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. लावल्या, नाही म्हणत नाही. पण असं कुणाच्याही हातून होऊ शकतं. साहेबांनी कोट चढवला, तर डावा हात मागे जायचं नाव घेईना. मी म्हटलं, नवं कापड आहे, बसेल हळूहळू. साहेब बिचारे तसेच, डावा हात पुढे धरून, निघालेही होते. तुझ्या सूनबाईने धावत जाऊन त्यांना परत आणलं आणि कोट काढून घेतला. तेव्हापासून माझ्या हातून सुटलेला प्रत्येक कपडा ती आधी स्वतःच्या अंगात घालून बघते. एवढं सोडलं तर मी शांत आहे.

आता शाळेचं सांगतो. आमची टाचणी (दिसायला एवढीशी, पण हात लावाल तर टोचेल, म्हणून तूच ठेवलेलं नाव) आता शाळेत घालण्याच्या वयाची झाली. पुलापलीकडे ती खासगी शाळा आहे ना, निळ्या फाटकाची, तिथे आम्ही तिच्यासाठी अर्ज केला. जागा मूठभर आणि मुलं फाटकापासून पुलापर्यंत. त्यामुळे ते मुलीला तर पारखतातच, पण आईबापालाही पारखतात. माझ्या वेळी कसं झालं होतं ते आठवतंय का? तू माझा हात धरून शाळेत नेलंस, बाईंना म्हणालीस, ‘हा माझा भाचा, याला शिकवा,’ आणि पाठ फिरवून निघालीस. संपला इंटरव्ह्यू! बाईंची तुला काही विचारायची छाती झाली नाही. हल्ली तसं चालत नाही, आत्या. हल्ली आईबापांना उत्तरं पाठ करावी लागतात.

ती आमच्याकडून चष्मेवाल्यांनी करून घेतली. त्यांची दोन्ही मुलं त्याच शाळेत, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. दुकानं बंद झाली की ते आमच्या कटिंगच्या टेबलापलीकडे येऊन बसायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचे आणि मुख्याध्यापिका व्हायचे. तुम्हाला हीच शाळा का हवी? पहिल्या दिवशी मी खरं ते सांगितलं, की शाळा चालत जाण्याजोगी आहे आणि तिथे पळायला मैदान आहे. त्यांनी कपाळाला हात लावला. असं उत्तर देणाऱ्यांना म्हणे पाणीसुद्धा विचारत नाहीत. मग त्यांनी दोन उत्तरं तयार केली, एक बापाचं आणि एक आईचं. बापाच्या उत्तरात शिस्त होती, मूल्यं होती आणि सर्वांगीण विकास होता. आईचं उत्तर ‘आई म्हणून मला असं वाटतं की’ इथून सुरू व्हायचं आणि त्यात माया, सुरक्षितता आणि फुलणारी कळी असं सगळं होतं. मी इस्त्री फिरवताना माझं पाठ करायचो, सूनबाई काजं करताना तिचं. एका पँटवर मी ‘सर्वांगीण’ शब्दाशी अडखळलो आणि इस्त्रीही तिथेच अडखळली. ती पँट आता टाचणीच्या बाहुलीची गादी झालीय.

शेवटी बोलावणं आलं. मी माझा राखाडी कोट घातला, सूनबाईने तिचा निळा ड्रेस, आणि टाचणीला आम्ही ज्या फ्रॉकच्या खिशात कमीत कमी वस्तू मावतात तो फ्रॉक घातला. मुलाखतीच्या खोलीत भिंतभर चित्रं, खिडकीत कुंड्या, आणि बसायला मुलांच्याच खुर्च्या. बसलो तर माझे गुडघे कानाला लागले. समोर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्या मात्र मोठ्या खुर्चीत. उंच, पांढरे केस बांधलेले, अंगात काळा कोट, आवाज असा की माणूस आपोआप ताठ बसतो. शेजारी एक तरुण बाई सगळं टिपून घेत होत्या. मोठ्या बाईंनी विचारलं, हीच शाळा का? आणि आत्या, तुझी सूनबाई, जी घरात माझं एक वाक्य मला पुरं करू देत नाही, ती घाबरून घडाघडा माझं उत्तर म्हणून मोकळी झाली. शिस्त गेली, मूल्यं गेली, सर्वांगीण विकासही तिनेच घेतला, आणि तोही न अडखळता. मग बाई माझ्याकडे वळल्या. माझ्याजवळ उरलं होतं फक्त तिचं. तोंडातून आलं, ‘आई म्हणून मला असं वाटतं की.’ मी थांबायला हवं होतं. पण पाठ केलेलं असं मध्येच थांबत नाही गं, मी कळी फुलवूनच थांबलो. टिपून घेणाऱ्या बाईंची लेखणी तेवढी वर राहिली होती.

मग टाचणीची पाळी आली. तुला ठाऊकच आहे, ती कटिंगच्या टेबलाखाली वाढलीय. बाई प्रेमाने म्हणाल्या, बाळ, इथे समोर येऊन उभी राहा. ती गेली, पाय जुळवले आणि दोन्ही हात बाजूला पसरून, हनुवटी वर करून उभी राहिली. तिच्या जगात कुणी ‘समोर उभे राहा’ म्हटलं की मापच घेतात. बाईंनी त्रिकोण दाखवला, ती म्हणाली कॉलरचं टोक. निळा कागद दाखवला, तर म्हणाली, हा निळा खरा, पण धुवून धुवून उतरलाय. कागद कापायला मुलांची कात्री दिली. तिने ती अंगठ्यावर फिरवून बघितली आणि ‘हिला धार नाही’ म्हणून परत केली. इथवर ठीक होतं. मोठ्या बाई हसल्यासुद्धा, मी पाहिलं. पण टाचणीचं लक्ष बाईंच्या कोटाकडे गेलं. तिने जाऊन बाईंची बाही चिमटीत धरली आणि जाहीर केलं, की बाई, तुमच्या या बाहीतून अस्तर लोंबतंय.

आता एखाद्या शहाण्या बापाने काय केलं असतं? पोरीला जवळ ओढून माफी मागितली असती. पण मी मघापासून तो कोटच बघत होतो. काय करणार, माणूस समोर आला की मला आधी त्याचे खांदे दिसतात, तोंड नंतर. आणि पोरीने चुकीचं सांगितलेलं मला ऐकवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अस्तर चांगलं आहे गं, बाईंचा डावा खांदाच खाली आहे.’ बस, एवढंच एक वाक्य. बाईंनी एकदा डाव्या खांद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, आम्ही कळवू.

परत येताना पूल संपेपर्यंत सूनबाई बोलली नाही. पूल संपल्यावरही नाही. टाचणी मात्र खुशीत होती. तिला त्या बाई आवडल्या होत्या, त्यांच्या खिडकीतली कुंडी आवडली होती आणि मैदानावरची घसरगुंडी तर इतकी आवडली होती की उद्यापासूनच जायचं म्हणून ती हटून बसली. तिला काय सांगणार? त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं, आत्या. पोरगी आपल्या गुणांनी त्या फाटकाच्या आत जाऊन पोचली होती आणि मी माझ्या जिभेने तिला बाहेर आणलं, असं वाटत राहिलं. अर्थात हे फक्त त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसापासून मी शांत झालो ते अजून आहे.

सूनबाईची मात्र काळजी वाटते. तिने फोन दोऱ्यांच्या डब्यात ठेवलाय, म्हणजे तो हरवणार नाही, आणि डब्याला कुणी हात लावायचा नाही. वाजला की आम्ही दोघंही उभे राहतो. (ती उभी राहते म्हणून मी राहतो.) मागे एका गिऱ्हाइकाने पँट झाली का विचारायला फोन केला, भसाड्या आवाजाचा गडी, त्याला मी ‘नमस्कार बाई’ म्हणालो, आणि आमची कळी आपल्या अंगणात फुलावी वगैरे पुढचंही बरंच बोललो. तो पँट न्यायला अजून आलेला नाही. चष्मेवाले दिवसातून कितीदा तरी फोन करतात, काय तर म्हणे फोन चालू आहे ना ते बघायला. समोरच तर आहेत, काचेतून दिसतात, एका हाताने आम्हाला हात करतात आणि दुसऱ्या हाताने आमचे प्राण कंठाशी आणतात.

आणि मग खरी गंमत झाली. एका दुपारी दुकानाच्या दारात मोठ्या बाई उभ्या! सूनबाईच्या हातातली बटणांची वाटी सांडली आणि ती गोळा करायच्या निमित्ताने ती टेबलाखाली गेली ती तिथेच राहिली. बाईंनी पिशवीतून तो काळा कोट काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, तुमचं म्हणणं खरं आहे, घरी आरशात बघितलं. नीट करता येईल का? शाळेचा विषय नाही, निकालाचा विषय नाही. मला विचारायचं होतं, पण ट्रायल देणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या पोरीचं विचारायचं कसं? मी तोंडात टाचण्या धरल्या, म्हणजे विचारताच येणार नाही. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या. तेवढ्यात आमची टाचणी आली, टेप हातात घेऊन, आणि हुकूम सोडू लागली. बाई, हात असे. बाई, पोट आत घेऊ नका, मग कोट घट्ट होतो आणि बाबाला बोलणी बसतात. आणि आत्या, ज्या बाईंपुढे आख्खी शाळा ताठ बसते त्यांनी मुकाट्याने पोट सोडलं. टाचणीने विचारलं, हा खांदा खाली का गेला? बाई म्हणाल्या, इतकी वर्षं वह्यांची पिशवी याच खांद्यावर घेते. टाचणीने विचार केला आणि सांगितलं, आता काही दिवस दुसऱ्यावर घ्या.

बाई गेल्यावर आमच्यात जे रामायण झालं ते काय सांगू. माझं म्हणणं, शिलाई घ्यायची नाही. सूनबाई म्हणाली, म्हणजे लाच. मी म्हटलं, बरं, घेऊ, पण थोडी कमी. ती म्हणाली, म्हणजे थोडी लाच. मग मी म्हटलं, पूर्ण घेतली आणि त्यांना राग आला तर? तर ती म्हणाली की ज्यांना पाटीवरच्या दराचा राग येतो त्यांच्या शाळेत आपली पोरगी कशाला? (असं म्हणाली, आणि लगेच डब्यातला फोन चालू आहे का ते बघून आली.) कामाचंही तेच. जास्त चांगलं करावं तर हेतू दिसतो, कमी करावं तर हात ऐकत नाही. शेवटी मी तो कोट पूर्ण उसवला आणि आत एक बारीकसा पॅड बसवला, असा की बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही. टाचणीच्या निकालाचं त्यात काही नव्हतं, हे मी तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगतो. तो खांदा पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपत होता.

बाई ठरल्या वेळी आल्या, कोट घातला, आरशात उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, एकदा मागूनही पाहिलं. पाटीवर होती तेवढी शिलाई दिली आणि पावती मागून घेतली. टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. सूनबाईने माझ्या दंडाला एवढ्या जोरात धरलं की वळ उठले. बाई म्हणाल्या, जास्तीचं एखादं बटण द्याल का, हरवलं तर असावं. सूनबाईने तीन दिली. त्यावरून आता मी तिला विचारतो की ही लाच नाही का.

तर असं सगळं छान चाललंय. निकाल लागेल तेव्हा लागेल. टाचणीचा नंबर लागला तर आनंद, नाही लागला तर कोपऱ्यावरची शाळाही वाईट नाही, तिथे घसरगुंडी नसली म्हणून काय झालं. आम्ही मनाची तयारी केलीय. तू अजिबात काळजी करू नकोस आणि आमच्यासाठी धावत येण्याचं तर मनातही आणू नकोस. गुडघा जप, स्टुलावर चढू नकोस.

तुझा अगदी शांत असलेला
भाचा

ता. क. आत्याबाई, नमस्कार. मी तुमची सूनबाई. पाकीट आणायला हे चष्मेवाल्यांकडे गेलेत, तेवढ्यात मी लिहून घेते. यातलं एकही अक्षर खरं धरू नका. ‘बस, एवढंच एक वाक्य’ म्हणे! हे मुलाखतीला कोटाच्या आत गळ्यात टेप घालून आले होते, सवयीने. त्या वाक्यानंतर उठले, टेप काढला आणि मोठ्या बाईंचे दोन्ही खांदे मोजून मला आकडे सांगितले, आणि मीही मेली सवयीने तळहातावर लिहून घेतले! पूल संपेपर्यंत मी बोलले नाही ते त्याच लाजेने. आणि शांत? काल न नेलेल्या कपड्यांच्या थप्पीमागे मला काय सापडलं विचारा. शाळेचा गणवेश! करडा फ्रॉक, पांढरी कॉलर, आमच्या मुलीच्या मापाचा, पण दोन बोटं सैल. मुलाखतीच्याही आधी शिवून ठेवलाय. खाली एवढं कापड दुमडलंय की उसवत नेलं तर ती पुष्कळ मोठी होईपर्यंत पुरेल. ती दुमड हातात धरून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. आले हे, थांबते.

ता. क. २. सूनबाईने लिहिलेलं वाचलं. तिला विचार, रुमालांवर शाळेचं बोधचिन्ह कुणी भरलंय? पण ते राहू दे. आत्या, पाकिटाला डिंक लावत होतो आणि फोन वाजला. आम्ही दोघं उभे राहिलो. मोठ्या बाईच होत्या. टाचणीला प्रवेश मिळाला! बाई म्हणाल्या, तिचा निर्णय मुलाखतीच्या दिवशीच झाला होता, पण सगळ्यांना एकाच दिवशी कळवायचा नियम आहे, म्हणून दुकानात गप्प राहणं त्यांना फार जड गेलं. आणि पहिल्या दिवशी तिचा टेप घरी ठेवायला सांगा, म्हणाल्या. सूनबाई हसली आणि मग रडायला लागली. मी रडलो नाही, मी कटिंगच्या टेबलावर चढून बसलो.

आता एक छोटंसं काम आहे. शाळा सुरू होते त्या आठवड्यात तू इकडे येऊ शकशील का? गुडघ्याला सांभाळून, मी स्टेशनवर न्यायला येतो. झालंय असं, की टाचणीला फाटकाशी सोडायचं कुणी यावर आमचं जुळत नाही. सूनबाई म्हणते, मी हात सोडू शकणार नाही. मीही नाही. तू मला सोडलंस आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. मी फाटकाच्या गजांमधून तुझी पाठ कोपऱ्यापर्यंत बघत होतो. ते कसं जमतं ते आम्हाला शिकव. आणि खरं सांग, कोपऱ्यापलीकडे तू थांबली होतीस ना? इतक्या वर्षांत मला ही शंका आज पहिल्यांदा आली.

ता. क. ३. टाचणीने हे पत्र वाचून दाखवायला लावलं. ती म्हणते, तिला सोडायला कुणी नको, ती बाईंना ओळखते आणि फाटकही तिला माहीत आहे. पण आत्याआजीने यायचंच आहे. ती शाळेत गेल्यावर बाबाजवळ कुणीतरी बसायला हवं.